मी उशी नाही

गाडीत बसायच्या जागा पाच, हेडरेस्ट चार, प्रत्येकाला दांड्या दोन. माझ्या दांडीवर उंचीच्या खाचा पाच. नऊ वर्षं मी तळाच्या खाचेत होतो.

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीच्या चालकाशेजारच्या सीटवरचा हेडरेस्ट आहे. लोक मला उशी म्हणतात. मी उशी नाही! उशी झोप आणते. मागून धडक बसली, तर मी डोकं मागे फेकलं जाऊ देत नाही. कारखान्यात मला ठोकून, दाबून पाहिलं, तेव्हा मी तसूभर वाकलो नव्हतो.

गाडी एका शिंप्याची. मागे टांगलेले कोट आरशात दिसावेत म्हणून त्याने मला पहिल्याच दिवशी खाली दाबलं. माझ्यापुढे त्याची उंच बायको बसे. मी तिच्या मानेपर्यंतच पोचायचो. मऊ आहे म्हणून माझं कौतुक व्हायचं. असलं कौतुक घेऊन मी काय करू?

मग एका सिग्नलला मागून टेम्पो आदळला. तिचं डोकं माझ्यावरून मागे गेलं. मी जागच्या जागी घट्ट उभा होतो, पण ती जागाच चुकीची होती. तीन आठवडे तिच्या गळ्यात दवाखान्याचा पट्टा होता.

पट्टा निघाला. बाहेर जायच्या दिवशी शिंप्याने गाडी पुसली, कोट टांगले आणि सवयीने माझ्यावर हात ठेवून मी खालीच आहे ना ते दाबून पाहिलं.

"बाबा, हात काढा," लेक म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या कॉलरला तुमचं सूतभर चुकत नाही. आईच्या मानेला मात्र अंदाजपंचे?"

"अगं, पण कोट दिसायला नकोत का?"

"कोट मांडीवर घेऊन मागे बस तू," बायको लेकीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, गळ्यातली टेप काढा. आधी माप, मग किल्ली."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली. मग माझ्या दांडीजवळचं बटण दाबलं. गंजलेली दांडी कुरकुरली, पण मी वर आलो. खटक, खटक, खटक, खटक. सीटची पाठही त्याने सरळ केली.

मित्रांनो, मला पुसू नका, खोळ घालू नका. बसणाऱ्याच्या डोक्याशी मला मोजा.

बायको सीटवर बसली, शिंप्याने टेप धरली. तिचा माथा आणि माझा माथा, फरक शून्य. तिचं डोकं आणि मी यांतलं अंतर, अवघं चार सेंटिमीटर.