यंदा पिशवी कुठे बांधू?

मित्रांनो, मी एक म्हातारी कोळीण आहे. मासे धरणारी नव्हे, आठ पायांची, जाळं विणणारी. टोन्ले साप सरोवराच्या काठी दर पावसाळ्यात गळ्यापर्यंत बुडणारं जंगल आहे, तिथल्या एका झाडावर मी जन्मले. आमचं आयुष्यच वर्षभराचं, तेव्हा म्हातारी म्हटलं म्हणून हसू नका.

आमच्या जातीचा एक नेम आहे. पाणी चढण्याआधी खोडाची ओल आणि वाऱ्याचा दमटपणा पायांनी चाचपायचा आणि पूर पोचणार नाही अशा जागी अंड्यांची पिशवी बांधायची. खाली तरंगत्या घरांत राहणारे लोक त्या पिशवीवरून पुराचा अंदाज बांधत. पिशवी उंच, तर पूर मोठा. मग मासळीच्या आशेनं घर जंगलात आत ओढायचं. आमचं जाळं मोडणं ते पाप मानत. साम्फॉर आजी तर मला रोज हात जोडायची. केवढा तो मान! मी अगदी फुगून गेले होते.

यंदा दमट वारा आला, खोड ओलावलं. मी शेंड्याला पिशवी बांधली.

"वुथी, घर ओढायला घे," आजी मुलाला म्हणाली.

"आई, टीव्हीवर सांगतायत, यंदा पाऊस दगा देणार."

"टीव्हीला आठ पाय आहेत का रे? ओढ मुकाट्यानं!"

घर आत आलं. चार सरी पडल्या आणि पाऊस जो गेला तो गेलाच. माणसांच्या धुरानं जगाची हवा तापली, ऋतूंचं तंत्र बिघडलं, हे आम्हां किड्यांना कोण सांगणार? पाणी खोडाच्या गुडघ्यालाही लागलं नाही, उलट ओसरलं. घर चिखलात रुतलं. मासळी लांब राहिली. आंबवलेल्या मासळीचं मडकं खरवडून दिवस काढायची पाळी आली. माझ्या कितीतरी बहिणी कोरड्या काड्यांवर वाळून मेल्या.

एके दुपारी वुथी चूड पेटवून आला.

"खोटारडी! हिच्यापायी उपाशी मरायची वेळ आली!"

"अरे मेल्या, मुक्या जिवावर कसला राग काढतोस!" आजी ओरडली.

तो जाळी जाळत सुटला. वाळलेल्या जंगलाला तेवढं निमित्त पुरलं. मी धागा सोडून चिखलात उडी घेतली. पिशवी वरच राहिली. माझी पिल्लं जळताना मी खालून पाहत होते, मित्रांनो. मला काही करता आलं नाही.

त्यांचं घरही गेलं. वुथी चिखलात बसून रडत होता, "आई, काय करून बसलो गं मी!"

आता माझ्या पोटात शेवटची अंडी आहेत. आज आजी पुन्हा आली. काळ्या पडलेल्या खोडाखाली उभी राहिली, हात जोडले.

"बाई गं, आता तरी खरं सांग. पाणी कुठवर येईल?"

मला माहीत नाही. पायांना कळत होतं ते सगळं खोटं ठरलं. म्हणून विनवते, माझ्या पिशवीवर भरवसा ठेवून घर हलवू नका, पण माझं जाळंही जाळू नका. उरलेली झाडं राखा. हवा तापवणारा तो धूर आवरा. ते माझ्या आठ पायांनी होणार नाही.

अंडी आता थांबत नाहीत. आजी मान वर करून उभी आहे आणि मी खोडावर नुसती वरखाली करते आहे.