टवका उडालेला कप

आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बालविभागाला मागच्या सरकारी तपासणीत एकच शब्द मिळाला होता, ‘अपुरा’. तेव्हापासून बेकरीतसुद्धा लोक आमच्याकडे गुन्हेगारासारखं बघायचे. चांगली माणसं नोकरी सोडून गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं मिल स्ट्रीटवरचं आमचं छोटं घरही त्यात होरपळलं. आईबापांशिवाय कौन्सिलच्या सांभाळात वाढलेली पोरं अठरा वर्षांची झाली की एकटी राहायला लागतात. त्यांना बुधवारी संध्याकाळी गरम जेवायला आणि कधीही येऊन रडायला जागा हवी, म्हणून हे घर. मी डोरीन, ते चालवते.

यंदा नियम बदलले. सगळ्या विभागावर एक शिक्का मारायचा नाही, प्रत्येक कामाचा निकाल वेगळा द्यायचा. मला तर नाचावंसं वाटलं. आमचे संचालक रॉड्रिक मात्र घाबरले होते.

“डोरीन, या वेळी तुमचं घर एकटं उभं राहणार. शेरा चांगला आला तर वाचेल. नाही तर मार्चमध्ये कुलूप.”

“उभं राहू द्या की,” मी म्हटलं. “कुबड्या मागितल्यात कुणी?”

बोलले खरी, पण डोक्यात वेगळंच चालू होतं. कुलूप लागलं तर केझायाचं काय, हा एकच विचार. केझाया एकोणीस वर्षांची. लहानपणापासून इतक्या घरांत फिरली की पत्ता विचारला तर आधी हसते.

आमच्या स्वयंपाकघरात एका भिंतीवर ओळीने हुक आहेत. नवीन पोर आलं की स्वतःचा कप आणतं आणि तिथे अडकवतं. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. ते वर्षभर फिरकलं नाही, तरी कप काढायचा नाही. केझायाचा निळा, काठाचा टवका उडालेला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. तेवढ्यात रॉड्रिकसाहेबांनी माणसं पाठवली. हात दाखवून अवलक्षण! सकाळी येऊन बघते तर भिंत पांढरीशुभ्र, हुक गायब, आणि टेबलावर कौन्सिलचं चिन्ह असलेले एकसारखे कप. शेजारी महागडी बिस्किटं.

“किती नीटनेटकं दिसतंय!” साहेब म्हणाले.

“दवाखान्यासारखं दिसतंय,” मी सुजलेल्या गालाने म्हटलं. पुढे बोलणार, तोच तपासणीच्या पेटिफरबाई दारात.

आणि त्यांच्या मागोमाग केझाया. तिने भिंत पाहिली आणि जागीच थांबली.

“माझा कप कुठाय?”

“अगं, नवीन आणलेत, छान आहेत,” साहेब घाईघाईने म्हणाले.

“छान गेले खड्ड्यात! माझा कप कुठाय?” तिने हातातली पावाची पिशवी आपटली. “मला न विचारता हलवलात? आयुष्यभर हेच केलंत. पिशवी भर, गाडीत बस, चल!”

साहेबांचा चेहरा नव्या भिंतीइतकाच पांढरा पडला. मला वाटलं, संपलं सगळं. पेटिफरबाई मात्र खुर्ची ओढून शांतपणे बसल्या.

“एका कपाचं एवढं काय, पोरी?”

केझायाने डोळे पुसले. “मी सतरा ठिकाणी राहिले, बाई. माझा कप एकाच ठिकाणी राहिला. डोरीनने त्याला कुणाला हात लावू दिला नाही. मी रागावून चार महिने आले नाही, तरी तो तिथेच होता.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

“मग ते कप आहेत कुठे?” पेटिफरबाईंनी विचारलं.

साहेब मान खाली घालून बाहेर गेले आणि गाडीच्या डिकीतून खोकं घेऊन आले. केझायाने तिथेच एकेक कप बाहेर काढला आणि तो कुणाचा, ते पोर आता काय करतं, हे सांगत बसली. बाई ऐकत राहिल्या. बिस्किटांना कुणी हातही लावला नाही. जाताना केझायाने आपला कप पिशवीत टाकला. “घर राहिलं तर परत अडकवीन,” म्हणाली.

तीन आठवड्यांनी, बुधवारीच, निकाल आला. घर भरलेलं, कढईत सॉसेज तडतडत होते. साहेब धापा टाकत आले आणि उभ्यानेच वाचू लागले. लहान मुलांच्या संरक्षणाचं काम अजून कच्चं, वरिष्ठांचं लक्ष अपुरं. स्वतःवरची ती टीकाही त्यांनी वाचताना गाळली नाही, हे मी मानते. मग त्यांचा आवाज चढला.

“सांभाळातून बाहेर पडणाऱ्या मुलांचं काम, सर्वोत्तम!”

जुन्या पद्धतीत हा शब्द त्या एका ‘अपुऱ्या’खाली गाडला गेला असता. आज तो एकटा उभा होता. पोरांनी असा ओरडा केला की शेजारचा म्हातारा काठी घेऊन धावत आला, आणि त्यालाही जेवायला बसवलं.

“म्हणजे कुलूप नाही?” केझायाने विचारलं.

“नाही,” साहेब म्हणाले. “आणि हुक मी स्वतः बसवतो. स्क्रूड्रायव्हर आणलाय.”

“बघू जमतंय का,” केझाया म्हणाली.

पहिला हुक वाकडाच बसला. केझायाने तो सरळ करू दिला नाही. पिशवीतून निळा कप काढला आणि सगळ्यांच्या देखत तिथेच अडकवला.