चंदेरी पट्टी

"ती वाकडी स्लाइड फेकून दे गं, चिमणे," बाबा दुकानातल्या खुर्चीवरून म्हणाले. "बाकीच्या चांगल्या आहेत ना? मग झालं!"

पण चिमणी कसली ऐकतेय! लोकांच्या जुन्या फिल्म स्कॅन करून देणारीनं बापाचीच स्लाइड फेकायची, म्हणजे दिव्याखाली अंधार. त्यातून ही स्लाइड साधीसुधी नव्हती. शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत तिनं कप जिंकला, त्या दिवसाची होती.

चौकटीतली फिल्म पार कमानीसारखी वाकली होती. मधला चेहरा स्पष्ट घ्यावा तर कडा पुसट, कडा धराव्यात तर चेहरा पुसट. शेवटी दोन काचांमध्ये सपाट दाबू म्हणून तिनं पुठ्ठ्याची चौकट उकलली. आत फिल्मच्या कडेला चंदेरी पट्टी चिकटवलेली होती. फोटोतला नको तो भाग झाकायला पूर्वी लावायचे, तसली. आकसत जाऊन त्या पट्टीनंच फिल्म ओढून वाकवली होती.

औषधात भिजवलेल्या कापसानं तिनं पट्टी अलगद सोडवली आणि स्कॅन केलं. पडद्यावर ती स्वतः, ओलीचिंब, कप छातीशी धरून थेट बाबांच्या कॅमेऱ्याकडे बघणारी. आणि तिच्या पाठीमागे, अगदी कडेला, कठड्यापलीकडून दोन्ही हात उंचावून ओरडणारी आई.

चिमणीनं तो कोपरा मोठा करून बघितला. आईच होती.

आई घर सोडून गेली ती त्याच वर्षी. "लेकीच्या शर्यतीलासुद्धा फिरकली नाही," हे बाबांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुढे आईनं एकदा फोनवर "मी आले होते गं" म्हटलं, तेव्हा चिमणीनं "खोटारडी!" म्हणून फोन आपटला होता. त्यानंतर आईचा फोन आला नाही. कुठे असते विचारलं, की बाबा हात झटकायचे. "मला काय माहीत?"

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तू तिच्याकडे निघून गेली असतीस," ते पुटपुटले. "मग मला कोण होतं?"

"आणि मला, बाबा? मला आई नको होती?"

ज्याच्या शब्दावर तिनं आईला खोटं पाडलं, त्यानंच केसानं गळा कापला होता.

"मला आईचा नंबर हवाय. कुठूनही शोधून आणा."

बाबांनी ना खिसा चाचपला, ना मोबाइल उघडला. मान खाली घालून त्यांनी सगळे आकडे एका दमात सांगितले.