अकरा मैलांचा दगड

मी एक जुना मैलाचा दगड आहे. जिंतूर-परभणी रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली उभा आहे. मित्रांनो, मला घडवलं निजामाच्या अमदानीत, तेव्हा माझ्या अंगावर उर्दू अक्षरं होती. पोलीस ॲक्शननंतर ती बुजवून मराठीत रंगवलं : परभणी ११ मैल. लिपी बदलली, पण अंतर तसूभर हललं नाही. त्याचा मला मोठा ताठा होता.

मग डोक्यावरून विमान जाऊ लागलं. एकदा सावलीला टेकलेले बन्सीधर गुरुजी उमाजी मेंढपाळाला म्हणाले, "हैदराबादेहून औरंगाबाद आगगाडीला सव्वातीनशे मैल पडतं. विमानाला पावणेतीनशेच. पावणेदोन तासांत पोचतं."

"मंग मधले मैल कुठं गेले?"

"ते सरळ रेघेत जातं. त्याला वळणं नाहीत."

उमाजी एरवी वाट चिलमांवर मोजायचा; एक चिलम ओढून होईतो चालणं होईल, ती एका चिलमीची वाट. तो माझ्याकडं बघून हसला. "म्हंजी ह्यो दगड आपल्याला उगंच जास्तीचं चालवायलाय."

माझा नुसता जळफळाट झाला. मला पाठ टेकून बसायचं आणि मान वर करून त्याचं कौतुक करायचं! त्या विमानानं कधी कुणाला वाट सांगितली होती? ते पडावं, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

भाद्रपदात एका सकाळी उमाजी बैलगाडी घेऊन आला. गाडीत त्याची लेक कासाबाई बाळंतपणात अडलेली, उशाशी तिची आई भिवराबाई. सुईणीनं हात टेकले होते. परभणीचा दवाखाना गाठायचा होता. माझ्यापुढं रस्ता मोठं वळण घेतो. उमाजीनं तिथंच बैल शेतात घातले.

"इमानावानी सरळ रेघेत जाऊ. दोन चिलमांची वाट वाचंल."

"काळं रान हाय, लय चिखल आसंल," भिवराबाई म्हणाली. त्यानं ऐकलं नाही.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. रुतू दे, म्हटलं. मग कळेल माझी किंमत.

गाडी रुतलीच. दुपार कलल्यावर ती परत माझ्यासमोर रस्त्याला लागली. बैल पोटापर्यंत चिखलानं माखले होते आणि कासाबाई पांढरीफटक पडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती ऱ्हायलं, आये?" तिनं विचारलं.

भिवराबाईनं माझ्याकडं बघितलं. "मैल मोजू नगं, बाई. पुढल्या दगडापतुर दम धर. मंग त्येच्या पुढल्या."

कासाबाई दगडामागून दगड दम धरत गेली. दिवेलागणीला दवाखान्यात तिला मुलगी झाली. महिन्याभरानं परतताना उमाजीनं गाडी माझ्यापाशी थांबवली, मला हात लावला आणि सांगितलं, "पोरीचं नाव धोंडाबाई ठिवलंय."

विमानाचा हेवा मला अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, माझा चुना आता उडालाय, आकडा पुसट झालाय. येता-जाता चुन्याचा एक हात मारा, आकडा गिरवा. माझ्या मानासाठी नको. गाडीतून कुणीतरी विचारेल, किती राहिलं म्हणून.