भरलेली गाडी कुणाची

टँकरताईची गाडी लांबून दिसली की लोक धडाधड खिडक्या लावून घेत, आणि स्वतःची टाकी तुंबली की त्याच खिडकीतून मान बाहेर काढून तिची वाट बघत. ताईने हे कधी मनावर घेतलं नाही. घरोघरच्या सेप्टिक टाक्या उपसायचा हा धंदा बाबांचा. बाबा गेले तेव्हा थोरल्या दादाने नाक मुरडलं आणि धाकटीने स्टिअरिंग हातात घेतलं. दादा पुढे नगरसेवक झाला. त्याच्या भाषणांत बाबा हटकून यायचे, बाबांची गाडी मात्र कधी आली नाही.

बाबांचा एक नियम होता. उपसलेला मैला ठरल्या जागी रिकामा होईपर्यंत तो घरवाल्याचाच, गाडीवाला नुसता हमाल. रिकामा करता आला नाही, तर मुकाट्याने घरवाल्याच्या दारात परत न्यायचा. जेवताना हे ऐकवायची त्यांना भारी हौस, त्यामुळे दोन्ही भावंडांना नियम तोंडपाठ होता.

त्या दिवशी सकाळी ताईने दादाच्याच बंगल्याची टाकी उपसली. गाडी भरून ती नेहमीसारखी शेजारच्या शहरातल्या मैला शुद्ध करणाऱ्या केंद्रावर गेली, तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"बाहेरच्या गाड्या बंद. आमचंच आम्हाला आवरत नाही. तुमच्या शहराला स्वतःचं केंद्र बांधायला काय धाड भरलीय?"

ताईने हुज्जत घातली नाही, कारण माणूस खरं बोलत होता. असं केंद्र बांधायचं की नाही, यावर त्याच संध्याकाळी नगरसभेत मतदान होतं. जागा निघाली होती दादाच्या वॉर्डात, बंद पडलेल्या वीटभट्टीवर. दादाने त्याविरुद्ध रान उठवलं होतं. बंगल्याच्या फाटकावर हा मोठा फलक लावला होता: 'आमच्या दारात घाण नको.'

दुपारी त्याच फलकाखालून ताईने गाडी मागे घेत आत आणली. दादा व्हरांड्यात फेऱ्या मारत संध्याकाळचं भाषण घोकत होता.

"रिकामी नाही झाली?"

"घेत नाहीत आता ते. बाहेरच्या गाड्या बंद केल्यात."

दादाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग सोड की जुन्या पुलाखाली, नाल्यात. बाकीचे गाडीवाले तेच करतात. कोण बघतंय?"

"आई बघते."

दादा पुन्हा फेऱ्या मारायला लागला.

"नाला आईच्या घरामागून जातो, दादा. विहिरीच्या पाण्याला वास येतो. पोट बिघडून ती दवाखान्यात पडली होती, तेव्हा तू फळं घेऊन आला होतास. नाकाला रुमाल लावून."

"आईला मी इकडे आणणारच आहे."

"आण ना. तिच्या शेजारणींनाही आण. सगळी गल्ली आण. बंगला काय कमी मोठा आहे?"

दादाचा चेहरा पडला आणि मग लाल झाला. "जास्त बोलू नकोस. एक फोन केला तर तुझा परवाना जाईल."

गाडी गेली तर आईचं औषध, घराचं भाडं, सगळंच गेलं. पण ताईचा राग त्या भीतीहून मोठा होता.

"कर फोन," ती म्हणाली आणि खाली उतरून पाइप सोडायला लागली.

"हे काय चाललंय?"

"तुझा माल परत करतेय. बाबांचा नियम तुलाही पाठ आहे, की म्हणून दाखवू?" तिने मागच्या दाराकडे मान वळवली. "वहिनी, जरा टाकीचं झाकण उघडता का?"

वहिनी ओल्या हातांनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"उघडलंस तर बघ," दादा म्हणाला.

वहिनीने पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यातली पहार उचलली आणि झाकण बाजूला केलं. "अहो, सकाळी न्हाणीघरात घोटाभर घाण आली तेव्हा तुम्ही फलक लावत होतात. मी आणि वन्संनी उपसली ती. केंद्र नको ना तुम्हाला? मग ठेवा आता घरात जपून."

पंप घरघरला. सकाळी गेलेलं सगळं धो धो करत माघारी आलं. वास सुटला तशा गल्लीतल्या खिडक्या लागल्या, दादाच्या सगळ्यात कडव्या समर्थकाची सर्वांत आधी. टाकी काठोकाठ भरल्यावर ताईने पाइप गुंडाळला.

दादाने घड्याळ पाहिलं, मग न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "सभेआधी मला जरा आत जाऊन यायचंय."

"आत कुठे जाता?" वहिनी म्हणाली. "टाकी भरलीय. जायचं तर आईंकडे जा."

दादाची गाडी टँकरच्या मागे अडकली होती. शेवटी तो टँकरला वळसा घालून आला आणि शाळकरी वयानंतर पहिल्यांदाच बाबांच्या गाडीत चढला. हात सवयीने रुमालाकडे गेला, पण ताई बघत होती, म्हणून खिशातच राहिला.

"आईकडे नेते आधी," ती म्हणाली. "मग सभेला सोडते."

"आणि तरीही मी विरोधातच मत दिलं तर?"

ताईने गिअर टाकला. "दे की. मत तुझं आहे. पण माझ्या गाडीतला एक थेंब नाल्यात जाणार नाही. ज्याची घाण त्याच्या दारात परत नेईन, घरोघरी. सुरुवात तर झालीच आहे."