अंजूरची धवलारीण

अंजुरात लग्न ठरलं की सोनाराच्याही आधी द्रौपदीकडे निरोप जायचा. सोनार भिवंडीत गल्लोगल्ली मिळतात, धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी बाई मात्र आसपासच्या गावांत तीच एक उरली होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी निभावतं, पण धवलारीण नसेल तर मांडवाला मांडवपण येत नाही. मांडवाची मेढ रोवायची, हळद दळायची, ती अंगाला लावायची, नवरीला न्हाऊ घालायची, दर वेळेला वेगळा धवला. द्रौपदी ते सगळे सासूच्या मागे बसून शिकली होती. तिचा आवाज गोड नव्हता, जरा जाडच होता. पण ती गायला लागली की मांडवातल्या बायका आपोआप सरकून जवळ बसायच्या.

त्या वैशाखात पूर्ण्याला एका घरी हळद होती. द्रौपदी संध्याकाळी गेली, गायली आणि जेवून घरी आली. मागे रात्रभर बेंजो वाजला आणि रात्रभर बाटल्या फुटल्या. आमच्याकडे हळदीला हे असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सकाळी मांडवात बर्फ कमी पडला म्हणून नवरदेवाचा दोस्त, पूर्ण्याचाच देवेश, सुमो घेऊन निघाला. त्याच वेळी द्रौपदीची एकुलती एक मुलगी मृणाली कॉम्प्युटरच्या क्लासला जायला रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी होती. सुमो डांबर सोडून खाली उतरली, तेव्हा मृणालीला बाजूला व्हायलाही सवड मिळाली नाही.

"सकाळी प्यायला नव्हता हो पोरगा," लोक देवेशची बाजू घेऊन सांगत. "ती रातचीच होती."

जणू रातची असली म्हणजे ती दारूच नव्हे.

देवेश जामिनावर सुटला. केस भिवंडीच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत पडून राहिली. द्रौपदीचा नवरा दामू खाडीच्या बांधावर जाऊन बसू लागला. जाळं पायाशी तसंच कोरडं पडलेलं असे. घरात मृणालीचं नाव निघेनासं झालं. शेजारणी भाजी आणून देत, कापडगिरण्यांपासून गोडाऊनला जाणाऱ्या जमिनींच्या भावापर्यंत सगळं बोलत आणि त्या एका नावापाशी आल्या की वळसा घालून जात. त्यांच्या मनात द्रौपदीला दुखवायचं नव्हतं. पण द्रौपदीला वाटे, कुणीतरी मृणालीच्या नावाने हाक मारावी. नुसती हाक. तेवढीही कुणी मारली नाही.

द्रौपदीने गाणं सोडलं.

पावसाळा सरल्यावर एक दिवस एक अनोळखी बाई दारात आली. गुलाबी काठाची पांढरी साडी, खांद्याला पर्स, पायांत साध्या चपला. "मी संघरत्ना," ती म्हणाली. "भिवंडीत एका दवाखान्यात नर्स आहे. माझे मिस्टर चांगदेव, लाइनमन होते. वडपे नाक्यावर गेले. ट्रेलरवाला प्यायलेला होता. तुमच्या मुलीचं दवाखान्यात कळलं."

द्रौपदीने तिला पाणी दिलं. आता ही बाई धीर धरायला सांगेल, देवाच्या मनात होतं म्हणेल, म्हणून ती जीव घट्ट करून बसली. संघरत्ना पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमची मुलगी कशी होती हो?"

बांध फुटावा तशी द्रौपदी बोलत सुटली. मृणाली सुकटीचा वास आला की नाक धरायची आणि जेवताना मात्र तीच जास्त खायची. सायकल शिकताना खाजणाच्या चिखलात पडली होती. आरशासमोर उभी राहून बातम्या वाचायची, टीव्हीवरच्या बाईसारखी मान वळवून. बोलता बोलता द्रौपदी हसली आणि तोंडावर पदर धरून रडली. आतल्या खोलीत दामू होता. तो बाहेर आला नाही, पण त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

संघरत्ना दर आठवड्याला येऊ लागली. मग द्रौपदीच तिच्याबरोबर जाऊ लागली. वडप्याला गोडाऊनमध्ये माल चढवणारा चिंधू होता, त्याची बायको बाजारातून येताना गाडीखाली गेली होती. त्याच्या खोलीत दोघी जाऊन बसत. चिंधू फारसा बोलत नसे. बायको चहात आलं किती घालायची एवढंच एकदा बोटाने दाखवलं त्याने, आणि तिघंही त्या बोटाकडे बघत बसले. पुढे आणखी घरं झाली. कुठे पोराचा फोटो भिंतीवर, कुठे बापाचा. द्रौपदीला तिथे शहाणपणाचं काही बोलता येत नसे. ती माजघरात शिरून भांडी घासायची, नाहीतर तान्ह्याला मांडीवर घ्यायची.

शनिवारी दुपारी दोघी अंजूरफाट्यावर उभ्या राहत. संघरत्नाने पुठ्ठ्यावर लिहून आणलेलं असे, मराठीत आणि हिंदीत, दारू पिऊन गाडी चालवू नका. ट्रकवाले हॉर्न देऊन जात. एकदा एका ड्रायव्हरने गाडी थांबवून खाली बघितलं.

"अम्मा, धूप में काय को खडी है? कौन सुनेगा?"

"तू सुन ना," द्रौपदी म्हणाली. "मेरी बेटी इधरच गई."

त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून जोडले आणि तो निघून गेला. पण बाकीच्यांचं काय? पुढाऱ्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. गावच्या बैठकीत एकजण म्हणाला, "वहिनी, हे ट्रकवाल्यांना सांग. गावात आपलीच पोरं हायेत." आपलीच पोरं, हाच तर घोळ होता. परका असता तर गावाने त्याला झोडपून काढलं असतं.

तिसऱ्या वर्षी गावातल्या रामनाथची मुलगी मनाली द्रौपदीकडे आली. मृणालीची बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच वर्षी वेणी कापून केस खांद्यापर्यंत केले होते आणि दोघींनी मार खाल्ला होता. मृणाली गेल्यापासून ती या घरात फारशी आली नव्हती, कारण तिला बघितलं की द्रौपदीचे डोळे तिच्या मागे दारापर्यंत जात, अजून कुणी यायचं राहिल्यासारखे.

"काकी, माझं लगीन ठरलं," मनाली उंबऱ्यातच म्हणाली. "वडप्याला. तू गाशील?"

"मी गात न्हाय गो आता."

"मना म्हाईत हाय. तरी इचारते."

द्रौपदी तिच्याकडे बघत राहिली. अंगाने भरली होती पोर. मृणालीही अशीच भरली असती. या मुलीला कुशीत घ्यावं असं वाटलं तिला.

"गाईन," ती शेवटी म्हणाली. "पन तुझ्या बापाला सांग. ज्या मंडवात मी गाईन, तिथं पिलेला मानूस गाडीला हात लावनार न्हाय. चाव्या आधी माझ्या पदरात."

दुसऱ्या दिवशी रामनाथ स्वतः आला. गोडाऊनला जमीन गेल्यापासून त्याच्या बोटात दोन अंगठ्या होत्या आणि बोलण्यात जरा तोरा. "वहिनी, आगऱ्याची हलद आन् पाहुन्यांच्या चाव्या काढून घ्यायच्या? लोकं माझ्या तोंडात शेन घालतील."

"घालू द्या. तोंड धुता येतं, भाऊजी."

रामनाथ खाली बघत म्हणाला, "आनखी एक हाय. देवेस माझा भाचा. बहिनीला न्हाय बोलावलं तर… पन तू सांगशील तर मी त्याला येऊ देनार न्हाय."

आत दामूच्या खोकण्याचा आवाज आला.

"येऊ दे त्याला," द्रौपदी म्हणाली. "पन पूर्ण्याहून चालत येऊ दे."

हळदीच्या दिवशी दुपारपासूनच मांडव भरला. द्रौपदी मेढीपाशी पदर पसरून बसली आणि संघरत्ना तिच्या शेजारी. चाव्या पडू लागल्या, कुणाची हसत, कुणाची कुरकुरत. "पोलीस ठाणं झालं की काय मंडवाचं," असं कुणीतरी पुटपुटलं. मनालीच मधे उभी राहून एकेकाकडे हात पुढे करत होती, आणि नवरीला नाही म्हणायचं धारिष्ट कुणाला होईना.

चार वाजण्याच्या सुमारास वडप्याहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन जीप आली. गाडी चालवत होते नवऱ्याच्या आत्याचे यजमान, ज्यांना सगळं वडपं दाजी म्हणे. जीपमध्ये मागे पाच बायका आणि दोन लेकरं. दाजी उतरले ते गाडीचं दार धरूनच. हळद दिली, सरबत घेतलं आणि लगेच परत निघाले. मनाली चावी मागायला गेली तर त्यांनी तिचा हात झटकला.

"वीस वर्सं गाडी चालवतंय मी! ही कोन मना सांगनारी? सोयरीक मोडू काय?"

रामनाथचा चेहरा उतरला. व्याह्यांकडचा मानाचा माणूस, त्याला अडवायचं कुणी? दाजी जीपमध्ये चढले. बायका लेकरांना घेऊन मुकाट्याने मागे बसल्या, बसायची सवयच होती त्यांना.

द्रौपदी उठली. चाव्यांचा पदर तिने संघरत्नाच्या ओंजळीत रिकामा केला आणि चालत जाऊन जीपसमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिला सुचलं नव्हतं. गाडी घरघर करत होती, तिची धग पोटरीला लागत होती. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि धवला उचलला.

तीन वर्षांनी तो जाड आवाज अंजुरात उमटला. पहिली ओळ फाटली. दुसरीला संघरत्ना शेजारी येऊन उभी राहिली. तिला धवला येत नव्हता, ती नुसती उभी राहिली. तिसऱ्या ओळीला मांडवातल्या बायका उठल्या, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, हाताला हळद लागलेल्या, आणि जीपच्या चारी बाजूंनी उभ्या राहून ओळ झेलू लागल्या. धवला अर्ध्यात तोडत नाहीत. दाजींनाही ते ठाऊक होतं. त्यांनी दोनदा हॉर्न दाबला. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोने पुढे हात घालून चावी फिरवली, गाडी बंद केली आणि ती स्वतःही गाऊ लागली. एक संपला की द्रौपदीने दुसरा धरला, दुसरा संपला की तिसरा. शेवटी दाजींची मान सीटवर कलली आणि ते घोरायला लागले, तेव्हा कुठे बायका हसल्या. उष्टी हळद घेऊन आलेल्यांना रामनाथचा न प्यायलेला पुतण्या दुसऱ्या गाडीने सोडून आला.

दिवेलागणीला मनालीला पाटावर बसवलं. हळद लावायच्या धवल्यात दर कडव्याला नवरीचं नाव येतं. द्रौपदीला भीती होती ती तिथेच. हा धवला तिने घरात, भाकऱ्या थापताना, एकाच नावाने गायला होता, आणि ते नाव ऐकून चुलीपाशी बसलेली पोर "आये, गप ना!" म्हणून लाजायची.

*हलद पिवली गो, उतरली बांधावरी,*
*मनालीबायच्या गो, चंदन अंगावरी…*

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याला जीभ घसरली.

*मृणालीबायच्या गो…*

बायकांचे हात थांबले. द्रौपदीने ओठ घट्ट मिटले. पाटावर बसलेल्या मनालीने हळदीने माखलेला हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"गा काकी," ती म्हणाली. "हे कडवं तिचंच गा."

द्रौपदीने ते गायलं, शेवटपर्यंत. बायकांनी ते नाव तिच्या मागून उचललं, सगळ्या मांडवाने उचललं. तीन वर्षं गावाने जे नाव टाळलं होतं ते एवढ्या तोंडांतून एकदम तिच्याकडे आलं, आणि तिला वाटलं, आता मागे वळून बघावं. तिने वळून बघितलं. मांडवाच्या बाहेर कुंपणापाशी धुळीने भरलेल्या पायांनी देवेश उभा होता. मान खाली घालून. द्रौपदीने त्याच्यावरून नजर काढून घेतली. त्याला माफ करायचं असतं तर कसं करायचं, ते तिला माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी ते शोधायची तिची इच्छाही नव्हती. ती पुढच्या कडव्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि मनाली सासरी निघाली. गाडी हायवेच्या वळणाआड गेली, आया-बाया डोळे पुसत मांडवात परतल्या, तरी द्रौपदी रस्त्यालाच उभी होती. संघरत्नाने तिला हाताला धरून घरी आणलं.

संध्याकाळी घरातला फोन वाजला. दामूने उचलला, ऐकलं, आणि द्रौपदीच्या हातात दिला.

"काकी, पोचलो आमी," पलीकडे मनाली होती. "नीट पोचलो. तू घोर लावून घेशील म्हनून केला."

"पोचलीस?"

"हो."

आता ठेवते म्हणेल, म्हणून द्रौपदीने घाईघाईने विचारलं, "जेवलीस काय? काय केलं होतं?"

"वरनभात. लाडू."

"आन् घर कसं हाय? उजेड येतो काय?"

"येतो. मोठी खिडकी हाय."

"पानी? पानी गोड हाय ना?"

"गोड हाय, काकी."

दामू भिंतीला टेकून ऐकत उभा होता. द्रौपदी फोनची वायर बोटाला गुंडाळत खाली जमिनीवर बसली. "खिडकीतून काय दिसतं गो?" तिने विचारलं. पलीकडे सासरची माणसं मनालीला हाका मारत होती, ते ऐकू येत होतं. पण मनालीने काही फोन ठेवला नाही. खिडकीपाशी जाऊन, काय काय दिसतंय ते ती एकेक करून सांगू लागली.