रावसाहेबांचं पाणी

डॉक्टरीणबाईंनी डबा दिव्याखाली सरकवला आणि आतल्या प्राण्याच्या शेपटीला बोट लावून पाहिलं. तो जागचा हलला नाही.

"रावसाहेब आहेत ते. हलायची सवयच नाही त्यांना," वडील म्हणाले.

हा विनोद मूळचा त्यांच्या मुलाचा होता. दिवसभर तळाशी बसून जेवणाची वाट बघणाऱ्या या ॲक्सोलॉटलचं, पाण्यात राहणाऱ्या पालीसारख्या प्राण्याचं, नाव त्यानेच ठेवलं होतं. आता कोणी हसलं नाही.

डोक्याच्या दोन्ही बाजूंचे कल्ले एके काळी लालभडक आणि पिसांसारखे झुबकेदार होते. ते आखडून पुढे वळले होते, आणि एकावर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं होतं. शेपटीचं टोक मुडपलं होतं.

"खातो का?"

"तोंडात घेतो आणि टाकून देतो," आई म्हणाली. "कातडीची रया गेलीय बघा. गारठत असेल हो तो."

डॉक्टरीणबाईंनी पाण्यात थर्मामीटर धरला.

"काकू, याला थंडच पाणी लागतं. हे कोमट आहे. त्यानेच कल्ले आखडतात, बुरशी धरते. कोणी गरम पाणी मिसळतं का यात?"

आईने डब्यावरचा हात काढून घेतला. रोज सकाळी ती पाणी तापवायची, मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग बेताबेताने टाकीत ओतायची. मुलगा तान्हा असताना त्याच्या अंघोळीचं पाणीही ती असंच बघायची.

"मी मिसळतो," वडील म्हणाले.

ते खोटं होतं. पण 'बाबा, पाणी थंडच ठेवायचं हं' असं मुलाने त्यांनाच दहादा बजावलं होतं, आणि आई भांडं घेऊन टाकीपाशी उभी राहिलेली ते रोज बघत होते. मुलगा गेल्यापासून ती अंथरुणातून उठायची ती या एका कामासाठी. तिला थांबवायला त्यांची जीभ रेटली नाही. प्राणी डोळ्यांदेखत खंगत गेला. त्यांना त्याची दया येत होती, पण तिची जास्त येत होती.

"वाचेल?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही. थंड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. आणि कितीही वाटलं तरी गरम नको, काकू."

बसमध्ये आईने डबा मांडीवर घेतला. निघताना तिने त्याभोवती आपली शाल गुंडाळली होती.

"तुम्हाला माहीत होतं ना?" तिने विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"तापाने फणफणला होता तेव्हा सारखा म्हणत होता, आई, थंडी वाजतेय, पांघरूण घाल ना." तिने शालीची गाठ सोडवली आणि डबा उघडा केला. "डॉक्टर नको म्हणाले होते. मी ऐकलं त्यांचं, नाही घातलं."